बसलेल्या तासाची किंमत

थोडक्यात म्हणे. कार्यक्रमपत्रिका ज्यांच्या हातात आहे त्यांनी बघा. बाकी सगळ्यांच्या पुढे नुसतं 'मनोगत' आणि माझ्या पुढे 'मनोगत, थोडक्यात'. माझ्या आधी जे बोलून गेले त्यांनी साहेबांच्या बालपणापासून सुरुवात केली. अर्धा चहा गार झाला तरी साहेबांना अजून नोकरी लागायची होती. त्यांना कुणी घंटी वाजवली नाही. मी मात्र माइक खाली ओढतेय तोवरच हे कोपऱ्यातले कारकूनदादा घंटीवर बोट ठेवून तयार. दादा, ते बोट काढा. मी पळून जात नाही, आणि आज घंटीनं थांबणारही नाही. माणसाच्या वेळेची किंमत कोण ठरवतं, ह्यावरच मला बोलायचंय. म्हणजे ही तक्रार विषयाला सोडून नाही.

आता रीतसर.

आजच्या ह्या हृद्य सोहळ्याचे अध्यक्ष, खात्याचे मोठे साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते नियोजन विभागाचे आपले साहेब. त्यांच्या शेजारी बसून मघापासून घड्याळ बघणाऱ्या आणि न बघितल्यासारखं करणाऱ्या वहिनी. सोमवारपासून साहेबांच्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या मॅडम. पुढच्या रांगांतले अधिकारी, मधले कर्मचारी, आणि सगळ्यात मागे बसलेल्या, चहा भाषणाच्या आधी की नंतर ह्याची चौकशी करूनच घराबाहेर पडलेल्या माझ्या धुलाईघराच्या बाया. सर्वांना नमस्कार.

'हृद्य' हा शब्द माझा नाही, मुलीनं दिलाय. तिनं दोन पानं भाषण लिहून दिलं होतं. फार सुरेख होतं. पण मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यातही वर्गात बसून कमी आणि वर्गाबाहेर उभी राहून जास्त. 'ऋणानुबंध' ह्या शब्दावर माझी जीभ सारखी घसरायला लागली तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तू तुझंच बोल. फक्त कुणाला शिव्या देऊ नकोस." तेवढं पाळते. पाळायचा प्रयत्न करते.

नव्या मॅडमना माहीत नसेल म्हणून जरा मागून सांगते. ह्या कार्यालयाच्या मागच्या उतारानं खाली गेलात की जुनी कामगार वसाहत लागते. तिच्या तोंडाशीच पत्र्याच्या छपराखाली आमचं धुलाईघर आहे. वसाहतीत वरच्या मजल्यांवर पाणी नीट चढत नाही. चादरी खाली आणायच्या, पिळायच्या आणि ओलं ओझं घेऊन पुन्हा जिना चढायचा, ह्यात बायांचे खांदे निकामी होत होते. तेव्हा साहेबांनीच सुचवलं आणि खात्यानं ते उघडलं. मोठी मशिनं आली, वाळवायचं मशिन आलं. चावी माझ्याकडे आहे. पाळ्या मी लावते. कुणी साबण जास्त ओतला, कुणाचा पायमोजा कुणाच्या गाठोड्यात गेला, हे मीच बघते आणि मीच ओरडते. ओरडण्याचं मानधन मिळत नाही, ती माझी समाजसेवा.

मशिनांसमोर भिंतीला लागून एक लांब बाक आहे. मशिन फिरतं तोवर त्यावर बसायचं. दुसरं काही करताच येत नाही. घरी जाऊन यावं तर जिना आहे, आणि तुम्ही परत येईपर्यंत कुणीतरी तुमचे कपडे बाहेर काढून आपले आत टाकलेले असणार. म्हणून बसायचं. गोल काचेतून आपलेच कपडे फिरताना बघायचे. मला आधी ते जमेना. बसले की पाय हलायचे, हात काहीतरी शोधायचे. शेजारणीच्या गाठोड्याच्या घड्या मोडून मी पुन्हा घालत बसायचे आणि बोलणी खायचे. बसण्याची सवय आमच्या घराण्यातच नाही. माझ्या आईला मी बसलेली पाहिली ती फक्त एका फोटोत, आणि तिथंही फोटोवाल्यानं बसवलं म्हणून.

हळूहळू जमलं. ह्याच बाकावर माझ्या जाऊबाई माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या. पडद्याच्या कापडावरून आमचं बिनसलं होतं. एकाच जिन्यात राहून आम्ही एकमेकींना खांबासारखं टाळून जात होतो. एकदा दोघींची मशिनं शेजारी लागली. बराच वेळ काचेत बघून त्या म्हणाल्या, तुमच्या निळ्याचा रंग जातोय. मी म्हटलं, जाऊ दे. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही. हे फायद्यात धरायचं की तोट्यात, ते नियोजन विभागानं ठरवावं.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना खात्याकडून एक मुलगी पाहणीला आली. गोड होती बिचारी. प्रत्येकीला एकच विचारायची, मशिनमुळे तुमचा वेळ वाचतो, त्या वेळात तुम्ही काय करता?

आता मंडळी, बाईमाणसाला कुणी विचारलं, तू काय करतेस, तर ती काय सांगते? पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे. काही नाही, घरीच असते. आमच्या जाऊबाईंकडे अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत. ते माझेही सासरे, पण राहतात त्यांच्याकडे, कारण माझ्या आवाजानं त्यांचा त्रास वाढतो असं डॉक्टरांनी नाही, त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं जाऊबाई करतात. त्यांनी सांगितलं, काही नाही. शेजारची तान्ह्या बाळाची आई बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, काही नाही. सगळी रांग म्हणाली, काही नाही. जणू सगळ्यांचा पाठच झाला होता.

मग मुलगी माझ्याकडे आली. वसाहतीत माझ्या तोंडाला लोक टरकतात. दूधवाला पैसे मागायला माझ्या नवऱ्याला रस्त्यात गाठतो, घरी येत नाही. अशी ही मी, मी तरी काही सणसणीत उत्तर देईन की नाही? मी म्हटलं, "बसते."

खरं तेच सांगितलं. वर जरा मानही ताठ केली. आपण बसतो, ह्याचा मला केवढा अभिमान वाटला होता. मुलीनं ते लिहून घेतलं आणि आभार मानून गेली. त्या दिवशी मी तिला चहासुद्धा पाजला. स्वतःच्या हातानं धुलाईघराच्या मुळावर घाव घालून वर चहा पाजणारी बाई तुम्ही आज प्रत्यक्ष पाहताय.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. धुलाईघर बंद करण्याचा विचार चालू आहे, असं पत्र दाराला चिकटवलं गेलं. मी ते दारासकट वाचलं. म्हणजे दार धाडकन आपटलं आणि तशीच चढण चढून इथं वर आले. हातात साबणाचा फेस, पदर खोचलेला. शिपायानं विचारलं, काम काय? मी म्हटलं, भांडण.

साहेबांची खोली तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. काचेखाली दाबलेलं जुनं कॅलेंडर, खिडकीतून दिसणारी वाहनं, पाहुण्यांसाठीच्या दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर बसलं की ती मागं कलते. मला तीच मिळाली. भांडायला गेलेल्या बाईला मागं कलणारी खुर्ची देऊ नये, साहेब. सगळा जोर तोल सावरण्यात गेला. त्यातून हे तोंडानं एवढे सौम्य. मी म्हणावं, हा अन्याय आहे. ह्यांनी म्हणावं, आहे खरा. मी म्हणावं, तुम्हाला लाज वाटायला हवी. ह्यांनी म्हणावं, वाटते अधूनमधून. पाणी मागवलं. असल्या माणसाशी भांडायचं कसं? भिंतीवर डोकं आपटावं तर निदान भिंत कडक तरी हवी.

मग त्यांनी मला समजावलं. आता जे सांगते ते त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, चुकलं तर माझं, बरोबर असलं तर त्यांचं. खात्याजवळ पैसा मोजका असतो. रस्ता करायचा, दवाखान्याला खोल्या बांधायच्या की धुलाईघर चालवायचं, हे ठरवायला प्रत्येकाचा खर्च एका बाजूला आणि लोकांचं भलं दुसऱ्या बाजूला ठेवतात. धुलाईघरानं भलं काय केलं? बायांचा वेळ वाचवला. वेळेची किंमत काय? त्या वेळात माणूस जेवढं कमावेल तेवढी. रस्त्यामुळे कामावर लवकर पोचणाऱ्याचा वेळ चांगला वजनदार निघाला. आणि आमचा? आम्ही तर सांगून बसलो होतो, काही नाही. म्हणून आमच्या तासापुढे शून्य. कितीही बायांचे कितीही तास वाचले तरी शून्याला कशानंही गुणा, शून्यच. हे चौथीत शिकवतात, आणि नेमकी त्या दिवशी मी वर्गात होते.

मी विचारलं, हे शून्य कुणी ठरवलं? साहेब म्हणाले, वरून आलंय. मी म्हटलं, वर कोण आहे? ते म्हणाले, मोठे साहेब, पण त्यांनाही वरूनच आलंय. अध्यक्ष महोदय, तुम्ही मान हलवताय म्हणजे ते खरं असणार. मी त्यांना म्हटलं, एवढ्या वरून पडूनसुद्धा ते शून्य फुटलं कसं नाही?

आता मला वाटलं, जिंकले. बोलण्यात मी हरत नाही, हरले तरी मला कळत नाही. पण साहेबांनी काय करावं? त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. एक कोरा कागदही ठेवला. म्हणाले, "बाई, शून्य नको ना? मग तुम्हीच आकडे घाला. कुणाचा तास केवढ्याचा, तुम्ही सांगाल ते मी पुढं मांडतो."

मंडळी, मला बाजारात सगळ्याची किंमत कळते. भाजीवाले मला पाहून पाटी झाकतात. पण तो कोरा कागद बघून मला एकही आकडा सुचेना. तरी माघार कशी घेणार? घेतली पेन्सिल.

आधी माझाच तास लिहिला. डॉक्टरच्या तासाएवढा धरला. चावी सांभाळते, पाळ्या लावते, आवाज वापरते, एवढं तर हवंच. मग तान्ह्या बाळाच्या आईचा लिहिला, माझ्यापेक्षा जरा कमी, पण बाळ मला बघून हसतं म्हणून थोडा वाढवला. मग जाऊबाई. मी तो आकडा लिहिताना पडद्याचं कापड आठवलं की काय कोण जाणे, माझ्या बरोबर अर्धा लिहिला. पलीकडच्या जिन्यातली एक आहे, आम्ही तिला बातमीपत्र म्हणतो. आज सकाळी तुमच्या घरात काय शिजलं ते तुमच्या आधी तिला कळतं. तिला पाव दिला. आणि शेवटी शिंपीकाका. ह्यांची बायको गेल्यापासून हे दररोज धुलाईघरात येतात आणि एकच शर्ट घेऊन येतात. एक शर्ट. एवढं मोठं मशिन एका शर्टासाठी फिरवायचं. मी त्यांच्यावर ओरडून ओरडून थकले, त्यांना थोडं ऐकू कमी येतं आणि जे येतं ते ते मनावर घेत नाहीत. त्यांच्यापुढे मी सरळ शून्य ओढलं आणि कागद साहेबांकडे सरकवला.

साहेब हसले नाहीत. हसले असते तर मी सुटले असते. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, का? तुमचा एवढा का? मी मोठं उत्तर दिलं. बाळाच्या आईचा? जरा लहान उत्तर दिलं. जाऊबाईंचा अर्धा का? मी म्हटलं, तो आमचा घरगुती प्रश्न आहे. बातमीपत्राला पाव का? मी म्हटलं, ती फार बोलते. हे मी म्हटलं. मी.

मग शिंपीकाका. "ह्यांना शून्य का?"

मी म्हटलं, एका शर्टासाठी मशिन अडवतात.

"एकच शर्ट का आणतात पण?"

आता हे वसाहतीत कुणाला माहीत नाही? घरात दुसरं माणूस नाही. शर्ट धुवायला घरची बादली पुरते. मी म्हटलं, "बसायला येतात."

बोलून गेले आणि मलाच ऐकू आलं. खुर्ची मागं कलली तीही मी सावरली नाही. बसण्याला शून्य देतात म्हणून तणतणत चढण चढून आलेली मी, आणि हातात पेन्सिल आल्या आल्या बसणाऱ्या म्हाताऱ्याला शून्य मीच दिलं होतं. वरून आलं नव्हतं. मी तर खालच्या वसाहतीतली.

तेव्हा साहेब जे बोलले ते माझ्या मुलीकडून लिहून घेऊन मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. ते म्हणाले, "बाई, असा एकही आकडा नसतो ज्याच्या मागं कुणाचं तरी मन नसतं. तुमच्या आकड्यांत तुमचं दिसतं. शून्यात कुणाचंच दिसत नाही, म्हणून ते फार न्यायी वाटतं. पण तेही कुणीतरीच ठरवलेलं असतं."

मग म्हणाले, "तुम्ही आमच्याच खात्यात यायला हवं होतं." हा माझा मान होता की अपमान, हे मी आजही ठरवतेय. खात्यातली मंडळी हसताहेत, म्हणजे त्यांनाही ठरवता येत नाही.

मी मागितलं, तो कागद फाडून टाका. साहेब म्हणाले, नको, हा मी जपून ठेवतो, बैठकीत फार उपयोगी पडेल. आणि पडला. कुणाकुणाच्या मनात काय आहे ते आधी उघड बोला, मग आकडा घाला, हे त्यांनी त्या कागदावरून मोठ्या साहेबांना पटवलं म्हणे. धुलाईघराबद्दल शेरा मारला तो असा, की ह्या माणसांच्या तासाला काय किंमत देतो आणि का देतो, हे त्यांच्यासमोर सांगितल्याशिवाय दार बंद करू नये. त्या शेऱ्यावर आम्ही आजवर तगून आहोत. पण त्या बैठकीत कागद हातोहात फिरला आणि अर्धा आकडा जाऊबाईंच्या कानावर गेला. मागून तिसऱ्या रांगेत बसल्यात त्या. मघापासून मी विनोद केला की त्या अर्ध्याच हसताहेत. हिशेब चुकता करताहेत.

शिंपीकाकांना कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी ते शर्ट घेऊन आले तेव्हा मी मशिनाचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं. ते इतके घाबरले की शर्ट घेऊन परत जायला निघाले. मग मला नेहमीसारखं ओरडावं लागलं, तेव्हा कुठं माणूस निवांत बसला. माझ्या चांगुलपणाला लोक एवढे सरावलेले नाहीत.

दादा, वाजवली घंटी. वाजवा. हौस भागली? आता मला जे बोलायचं ते आलं आहे.

मघाशी अध्यक्षांनी साहेबांना व्यासपीठावरच विचारलं, आता निवृत्तीनंतर काय करणार? तुम्ही सगळ्यांनी ऐकलं साहेब काय म्हणाले ते. आयुष्यभर ह्या गावाचे रस्ते, दवाखाने, शाळा, पाणी ह्यांचा विचार केलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, "काही नाही. आता घरीच."

अख्खं सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. मागच्या रांगांत कुणी हसलं नाही. वळून बघा हवं तर. माझ्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. आम्हाला ती पाहणीवाली मुलगी आठवली.

साहेब, तुम्हाला बरं वाटावं असं बोलायला सांगितलंय, पण खोटं मला जमत नाही. सोमवारपासून तुमच्या तासाची किंमत शून्य. मी नाही म्हणत, तुमचंच खातं म्हणतं. तुम्ही सकाळी खिडकीशी बसाल, वहिनींना भाजी निवडून द्याल, वहिनी म्हणतील नीट निवडा, तुम्ही पुन्हा निवडाल. कुठल्याही कागदावर त्याचं वजन पडणार नाही. वहिनी, तुम्ही हसू नका, तुमचा तास तर पहिल्यापासूनच त्यात धरलेला नाही. आजवर साहेबांनी घरी बसून फायली बघितल्या तेव्हा त्यांच्यापुढे जेवणाचं ताट कुणी ठेवलं, हे एकाही वक्त्यानं आज सांगितलं नाही. मी सांगते. ह्या बाईनं ठेवलं.

तर आम्ही बायांनी साहेबांसाठी भेट आणलीय. मोठी नाही. मघाशी मिळालेल्या त्या काचेच्या मोराशेजारी ती शोभणारही नाही. धुलाईघरात इतक्या वर्षांत जे एकेकटे पायमोजे मागं राहिले, ज्यांचा जोडीदार कधी सापडलाच नाही, ते मी टाकून दिले नव्हते. मला टाकवत नाही, हा दोष समजा. ते सगळे धुऊन, भरून, जाऊबाईंनी वरून खोळ शिवून ही बसायची गादी केलीय. खोळ पडद्याच्या कापडाची आहे. होय, त्याच. वापरायचं कुठं हा प्रश्न एकदाचा सुटला. हिच्यात वसाहतीतल्या प्रत्येक घराचा निदान एक तरी पाय आहे. साहेब, ही तुमच्या बाकावरच्या जागेसाठी. शिंपीकाकांच्या शेजारची जागा आम्ही राखून ठेवलीय. एक शर्ट घेऊन या. रोज आलात तरी चालेल. मी ओरडेन, पण ते सगळ्यांनाच आहे.

आता अडचण एवढीच की ही गादी ठेवायला बाक हवा, आणि बाक राहायला धुलाईघर. मशिनांच्या देखभालीचा करार ह्या महिन्याबरोबर संपतो. तो पुढे चालवायचा की चावी परत मागायची, ह्या कागदावर साहेबांची सही होती तोवर आम्ही होतो. सोमवारपासून सही नव्या मॅडमची.

मॅडम, तुम्ही हुशार आहात, तरुण आहात, मघाशी तुमची ओळख करून देताना सांगितलेल्या पदव्या माझ्या लक्षातही राहिल्या नाहीत, इतक्या होत्या. तुम्ही चांगलंच कराल. पण चांगलं म्हणजे काय, हे ठरवताना तुमच्याही मागं काहीतरी असणार. तुमची आई बसलेली तुम्ही पाहिली की नाही, तुमच्या घरी पाणी कुणी भरलं, तुम्हाला कोण आवडतं, कोण फार बोलतं. माझ्या मागं पडद्याचं कापड होतं. प्रत्येकाच्या मागं कुठलं ना कुठलं कापड असतंच. ते नसावं असं मी म्हणत नाही. मी म्हणते, ते उघड असावं. माझा कागद अख्ख्या खात्यानं वाचला, माझी जाऊ त्यावरून अजून मला अर्ध्या भांड्यात चहा देते. आम्ही एवढी लाज काढून घेतलीय, तुम्हाला आमच्यासमोर एक आकडा बोलणं जड जाऊ नये.

म्हणून आमचं मागणं. मोर्चा नाही, अर्ज नाही. येत्या शुक्रवारी संध्याकाळी, पाणी जायच्या आत, तुम्ही धुलाईघरात या. सोबत फाइल आणा, नाही आणलीत तरी चालेल, धुवायचे कपडे मात्र आणा. मशिन लावून देते. ते फिरतं तोवर बाकावर बसा आणि मग सांगा, तिथं बसलेल्यांच्या तासाला तुम्ही काय किंमत देता आणि का देता. शून्य द्यायचं असेल तर शून्य द्या. पण ते वरून आलंय असं सांगू नका. हे माझं आहे, असं म्हणा, आणि शिंपीकाकांकडे बघून म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा, त्यांना ऐकू कमी येतं. तसं तुम्हाला म्हणता आलं तर चावी मी स्वतः तुमच्या हातात देईन. मला म्हणता आलं नसतं, हे आधीच सांगून ठेवते.

बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, अध्यक्षांचा मान राखायचा राहिला असेल, कारकूनदादांच्या घंटीचा अपमान झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझी जीभ लहानपणापासून अशीच आहे, तिला कुठल्याच मशिनात टाकता आलं नाही. मला बोलायला उभं केलंत, थोडक्यात म्हणून का होईना, त्याबद्दल आभार. साहेब, तुम्ही मला पेन्सिल दिलीत. तुमच्यावर रागवायला गेले होते, तो राग तुम्ही मलाच परत केलात. त्याचे वेगळे आभार. तब्येतीला जपा, भाजी नीट निवडा.

आणि मॅडम, शुक्रवार. तोवर खालच्या वसाहतीतल्या बाया काय करताहेत म्हणून कुणी विचारायला आलंच, तर ह्या वेळी उत्तर मी आत्ताच देऊन ठेवते, लिहून घ्या. चावी आतून लावून, बाकावर, सगळ्या जणी. बसलोय.